टेनिसचं बॉल मशीन: बेळगावात घ्यायचं तर कुठलं?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात टेनिस खेळणाऱ्याला कोर्टापेक्षा जोडीदाराची अडचण जास्त. कोर्ट कुठं ना कुठं मिळतं. पण सकाळी सहाला न चुकता येणारा, आपल्या तोडीचा आणि बॅकहँडवर शंभर वेळा तसाच बॉल टाकणारा माणूस मिळत नाही. मग बॉल फेकणाऱ्या मशीनचा विचार निघतो, आणि व्हिडिओ बघून माणूस वेगावर आणि ॲपवर अडकतो. मी आधी दुसऱ्याच दोन गोष्टी बघायला सांगेन: बिघडलं तर ते उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उघडून दुरुस्त होईल का, आणि त्यात बॉल कुठले घालणार. या दोन्हींची उत्तरं मिळाली की निम्मी मशीनं आपोआप यादीतून जातात.

मार्कर, भिंत की मशीन

खेळायला लागून वर्षही झालं नसेल तर मशीनचे पैसे मार्करला, म्हणजे पैसे घेऊन खेळवणाऱ्या सरावाच्या जोडीदाराला, द्या. चांगला मार्कर तुमचा पाय कुठं पडतो ते बघतो, दमलात तर बॉल हळू टाकतो, खांदा वळला नाही तर ओरडतो. मशीन तुमचा चुकीचा फोरहँडसुद्धा तेवढ्याच इमानानं दोनशे वेळा घोटून घेतं आणि चूक पक्की करून टाकतं.

भिंत फुकटची आणि व्हॉलीसाठी, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारायच्या फटक्यासाठी, उत्तम. पण भिंतीवरून बॉल फार लवकर परत येतो, मोठा स्विंग पुरा होतच नाही. बेसलाइनवरचा खेळ तिथं बसत नाही.

स्ट्रोक बऱ्यापैकी बसलाय आणि आता तोच पक्का करायचाय, अशा माणसासाठी मशीन आहे. विम्बल्डन दोनदा जिंकलेल्या रने लाकोस्तनं १९२० च्या दशकात बॉल फेकणारं यंत्र बनवलं, तेही याच गरजेतून. एकच फटका न कंटाळता पुन्हापुन्हा देणारा जोडीदार त्यालाही पाहिजे होता.

निपाणीच्या एका पालकांनी मला विचारलं, "काका, पोरगी आठ वर्षांची आहे, घेऊन टाकू का?" मी नको म्हटलं. त्या वयाची मुलं लाल बॉलवर, म्हणजे लहानांसाठीच्या मऊ आणि मोठ्या बॉलवर, खेळतात. तो ७ ते ८ सेंटिमीटर व्यासाचा असतो, तर बहुतेक मशीनच्या चाकांमधली फट नेहमीच्या ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटरच्या बॉलसाठी ठेवलेली असते. लाल बॉल त्यात अडकतो. पोरगी हिरव्या ठिपक्याच्या, म्हणजे नेहमीच्या मापाच्या पण जरा मऊ बॉलवर आली की मग बघू.

बाजारात काय काय आहे

सगळ्यात हलकी बॅगवाली मशीनं. त्यातलं स्लिंगर बॅग हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. चाकांची बॅग, रिकामी साधारण १५ किलो, बॉल एकेक करून सोडणाऱ्या फीडरमध्ये ७२ बॉल, वेग ताशी १६ ते ७२ किलोमीटर. गाडीच्या डिकीत टाकली की निघालात. स्पिन, म्हणजे बॉलला फिरकी, मात्र मिळत नाही, आणि डावीकडे-उजवीकडे फिरवायचं तर जोडभाग वेगळा घ्यावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्या, आठवड्यातून दोन-तीनदा फोरहँड-बॅकहँड घोटणाऱ्या माणसाला ती पुरते. स्पर्धा खेळणाऱ्या चौदा-पंधराच्या मुलाला ती लवकरच संथ वाटायला लागते.

मधला वर्ग लॉब्स्टरच्या एलिट मालिकेचा. वर मोठा डबा, त्यात १५० बॉल, बाजूला बटणं. एलिट लिबर्टी सुमारे १६ किलोचं, एलिट वन सुमारे १९ किलोचं, वेग ताशी जवळपास १३० किलोमीटरपर्यंत. टॉपस्पिन (पुढं फिरणारा बॉल) आणि स्लाइस (मागं फिरणारा) दोन्ही मिळतात, कारण आतल्या दोन चाकांचा वेग कमीजास्त करता येतो: वरचं चाक जोरात फिरलं की टॉपस्पिन, खालचं फिरलं की स्लाइस. मशीनचं डोकं, म्हणजे बॉल फेकणारं तोंड, डावी-उजवीकडे फिरतं, पण कधी कुठं टाकेल ते आपण ठरवत नाही.

त्यावरचा वर्ग प्रोग्रॅमचा. स्पिनशॉट प्लेअरमध्ये १२० बॉल बसतात, १२ ड्रिल, म्हणजे ठरवलेले फटक्यांचे क्रम, साठवता येतात आणि एका ड्रिलमध्ये ६ फटके. पहिला बॉल फोरहँडच्या कोपऱ्यात, दुसरा आखूड, तिसरा नेटवर व्हॉलीला, असा खरा पॉइंट बांधता येतो. चिनी सिबोआसीची रिमोट आणि ॲपवाली मॉडेलंही याच वाटेवरची. मुलांना शिकवणाऱ्या ॲकॅडमीला ही सोय मोलाची आहे. चौघा मोठ्या माणसांच्या गटाला तिचे पैसे वसूल होत नाहीत. सुरुवातीला हौसेनं ड्रिल भरली जातात आणि नंतर सगळे एकाच सेटिंगवर खेळत राहतात, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

हवेच्या दाबावर चालणारीही असतात. मोठी, जड, आवाजाची. कोर्टाशेजारी शेड आणि वीज असलेल्या क्लबनंच त्यांचा विचार करावा.

बिघडलं तर कोण बघणार

आपल्याकडे कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, पण लेथ, फाउंड्री आणि मोटर दुरुस्त करणारे हात भरपूर आहेत. मशीनच्या पोटात असतं तरी काय? चाकांच्या दोन डीसी मोटरी, बॉल सोडणारी एक छोटी मोटर, डोकं फिरवणारी एक, बेअरिंग, बॅटरी आणि एक सर्किट बोर्ड. बोर्ड सोडला तर बाकी सगळं बेळगावात होतं. बेअरिंगवर नंबर असतो, तो दाखवला की दुकानदार काढून देतो. मोटरचे ब्रश बदलून मिळतात.

अडतं ते चाकापाशी. बॉल घासून घासून चाकाचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पकड जाते आणि बॉल नेटमध्ये पडायला लागतात. असं एक झिजलेलं चाक मी उद्यमबागेतल्या रोलरवर पीयू (पॉलियुरेथेन, रबरासारखा थर) चढवणाऱ्या कारागिराला दाखवलं. त्यानं नखानं कड खरवडली, चाक उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "पीयू चढवायला काय नाही ओ, पण हब प्लॅस्टिकचा हाय. तापवला की वाकडा होतोय. लोखंडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा आणा, उद्या देतो." तेव्हापासून मी विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायला सांगतो: चाकाचा हब, म्हणजे मधला गाभा, कशाचा आहे, आणि चाकांची जोडी सुटी मिळते का? दुसरा प्रश्न, बोर्ड सुटा मिळतो का, आणि किती दिवसांत. या दोन्हींची उत्तरं लेखी घ्या. वॉरंटी असेपर्यंत मात्र स्क्रूला हात लावू नका.

या हिशेबात बटणांचं साधं मशीन ॲपवाल्यापेक्षा उजवं ठरतं. त्यात बिघडण्यासारखं कमी आहे आणि बिघाड पटकन सापडतो.

बॅटरीचंही तसंच. लिथियम हलकी असते, जास्त वर्षं टिकते, पण तिचा पॅक बहुधा त्याच कंपनीचा लागतो. एलिट वनसारख्या मशीनमध्ये १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी येते. यूपीएसमध्ये असते त्याच जातीची, त्यामुळे माप घेऊन गेलात तर गावातच मिळते. मी लेड-ॲसिडच्या बाजूचा आहे. तिला एक पथ्य मात्र पाळावं लागतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कोर्टावर पाय ठेवू देत नाही, आणि त्या चार महिन्यांत उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर कामातून जाते. मिरगाच्या आधी पूर्ण चार्ज करा आणि पुढं दर महिन्याला चार्जरला लावा.

अमेरिकेतला भाऊ किंवा भाचा येताना घेऊन येणार असेल तर चार्जरवरची अक्षरं आधी फोटोतून मागवा. तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३०. चार्जर दोन्हींवर चालणारा नसेल तर तो इथं वेगळा घ्यावा लागेल. मोठी लिथियम बॅटरी, म्हणजे १६० वॅट-अवरच्या वरची, प्रवासी विमानात नेऊच देत नाहीत. तिकीट काढायच्या आधी हे बघा. बाहेरून कुरिअरनं मागवत असाल तर किंमत बेळगावच्या दारापर्यंतची विचारा, सीमाशुल्क, जीएसटी आणि भाडं धरून.

बॉलवर पैसे वाचवू नका

मशीन कितीही भारी असो, डब्यात नवे, जुने आणि मेलेले बॉल एकत्र घातले की खेळ संपला. चाकांची पकड बॉलच्या कडकपणावर असते. मऊ बॉल चाकात दबतो आणि सर्व्हिस लाइनच्या आत पडतो, त्यामागचा नवा बॉल बेसलाइनच्या बाहेर जातो. तुम्हाला वाटतं मशीन बिघडलं.

आत दाबाची हवा भरलेला नेहमीचा बॉल डबा फोडल्यापासूनच हवा सोडायला लागतो. त्यामुळे मशीनसाठी प्रेशरलेस, म्हणजे आत हवेचा दाब न भरलेले, बॉल घ्या, सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी. ते जास्त टिकतात आणि शेवटपर्यंत सारखे उडतात. हाताला थोडे कडक लागतात, म्हणून कोपराचं दुखणं असलेल्यानं बेतानं घ्यावं. गल्लीतल्या क्रिकेटचे जड टेनिस बॉल चुकूनही डब्यात जाऊ देऊ नका. वजन आणि कडकपणा वेगळा, मोटरवर ताण येतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी कोर्टावर दव असतं. ओला बॉल चाकात घसरतो आणि लोकरीत लाल माती धरतो. ती माती चाकावर बसते. मातीचं कोर्ट असेल तर खेळ झाला की चाकं कापडानं पुसून ठेवा. पहिली पंधरा मिनिटं सर्व्हिसचा सराव करून उन्हं आल्यावर मशीन चालू केलेलं बरं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ, त्यामुळे त्याच सेटिंगवर बॉल गोव्यापेक्षा जरा लांब पडतो. पणजीच्या मित्रानं पाठवलेली सेटिंग इथं थोडी खाली आणावी लागते. उंचीवरचे खास बॉल १२१९ मीटरच्या वरच्या गावांसाठी असतात, आपल्याला त्यांची गरज नाही.

सराव कसा घ्यायचा

मशीन पलीकडच्या बेसलाइनच्या किंचित आत, मध्यखुणेवर ठेवा. बॉल तुमच्या सर्व्हिस लाइन आणि बेसलाइनच्या मध्ये पडू द्या. तो पट्टा साडेपाच मीटरचा आहे. दोन बॉलमधलं अंतर ६ सेकंदांवर लावा. बरेच जण ते ३ सेकंदांवर आणतात, घाम येतो म्हणून बरं वाटतं, पण फटका मारून मध्यावर परत यायची सवय मोडते. ६ सेकंदांनी १५० बॉल म्हणजे १५ मिनिटं, आणि तेवढ्यात माणूस पुरेसा दमतो.

मशीनचं मोठं उणं म्हणजे त्याला रॅकेट नाही. समोरच्याचा खांदा, रॅकेटचं तोंड बघून बॉल ओळखायची सवय त्यातून लागत नाही. यावर थोडा उपाय आहे. बॉल चाकात पडायच्या आधी फीडरचा 'खट्' असा आवाज येतो. त्या आवाजावर स्प्लिट स्टेप, म्हणजे दोन्ही पायांवर छोटी उडी, घ्या, दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत बॉल निघालेला असतो. उभं राहून वाट बघणारा आणि 'खट्'वर हलणारा, या दोघांत महिनाभरात पायांचा फरक दिसतो.

सुरुवातीला डोकं फिरवू नका. एकाच जागेवर बॉल घ्या: २० क्रॉसकोर्ट (तिरके), २० डाउन द लाइन (कडेच्या रेषेलगत सरळ), कोपऱ्यात खुणेचा शंकू ठेवून. निम्मे तिथं पडायला लागले की मग डोकं फिरवा. सर्व्हिस परतवण्याचा सराव मात्र यावर करू नका. सर्व्हिस डोक्याच्याही वरून खाली येते, मशीन जमिनीलगतून वर फेकतं. त्या कामाला माणूसच लागतो.

माझी निवड

एकटा माणूस, स्वतःची गाडी, कोर्टावर ठेवायला जागा नाही: बॅगवालं. ॲकॅडमी, रोज मुलं, शिकवणारा हजर: प्रोग्रॅमवालं, पण बोर्ड इथं मिळण्याची हमी असेल तरच. चार-सहा जणांचा गट, जो मला आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो: स्पिन आणि फिरणारं डोकं असलेलं, बटणांचं, लेड-ॲसिड बॅटरीचं मधलं मशीन, वर्गणी काढून. वर्गणी काढताना बॉलचे आणि पुढच्या बॅटरीचे पैसे त्याच वेळी बाजूला काढा. आणि मशीन कुणाच्या घरी राहणार, चार्ज कोण करणार हे एकाच माणसाच्या गळ्यात घाला. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं.

घ्यायच्या आधी चालू मशीन बघाच. धारवाड, कोल्हापूर, पणजी, तिन्हीकडे सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. विक्रेता नवेकोरे बॉल घालून दाखवील, ते बघून भुलू नका. स्वतःचे वीस वापरलेले बॉल पिशवीतून न्या, एकाच सेटिंगवर ओळीनं सोडा आणि कुठं कुठं पडतात तिथं खडूनं खूण करा. खुणा दोन-तीन पावलांच्या घेरात आल्या तर भावाचं बोलायला बसा.