व्हिरिडियन जलरंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या पेटीत सगळ्यात आधी संपायचा तो सॅप ग्रीन. शेत असो, बांध असो, झाड असो, ब्रश आपोआप तिकडेच वळायचा. आठ महिन्यांपूर्वी तो मुद्दाम ड्रॉवरमध्ये टाकला आणि व्हिरिडियन या निळसर हिरव्या रंगाची ट्यूब घेतली. खरं व्हिरिडियन, म्हणजे ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीजी १८ असलेलं. क्रोमियमपासून बनणारा हा रंग, १८५९ साली फ्रान्समध्ये गिन्ये या रसायनतज्ज्ञाने त्याच्या कृतीचं पेटंट घेतलं.

पहिला आठवडा नुसता पस्तावलो. जसाच्या तसा लावला तर दवाखान्याच्या भिंतीचा रंग. असलं गवत कुठे उगवत नाही. हा एकटा लावायचा रंगच नाही, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. लेमन यलो भरपूर आणि हा नावापुरता घेतला की उन्हातलं कोवळं गवत. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी घातला की जून, भरलेलं झाड. सॅप ग्रीन असताना उन्हातलं पान नि सावलीतलं पान एकाच हिरव्यातून यायचं, सावलीला तोच रंग घट्ट करायचा. चित्र शेवाळल्यासारखं दिसायचं आणि मी कागदाला दोष द्यायचो.

खरा फायदा झाला तो सावल्यांना. व्हिरिडियनमध्ये क्विनॅक्रिडोन रोझ हा गुलाबी मिसळला की दोघं एकमेकांना मारतात आणि छान करडा उरतो. रोझ जरा जास्त झाला तर जांभळट, कमी पडला तर हिरवट. निरभ्र दिवशी उघड्यावरच्या सावलीत ऊन पोचत नसलं तरी आभाळाचा निळा उजेड पोचतोच, म्हणून मी त्यात थोडा अल्ट्रामरीन घालतो. झाडाची सावली गवतावरून पायवाटेवर उतरते तिथे पूर्वी ब्रश धुऊन रंग बदलायचो, आणि सावलीचे दोन तुकडे पडायचे. आता गवत आणि वाट आधी रंगवून खडखडीत वाळू देतो, मग हाच करडा पातळ करून एका दमात पलीकडे नेतो. खालचा पोपटी आणि खालचा मातकट आपापल्या जागी डोकावतात. बुंध्यापाशी सावलीची कड धारदार ठेवतो, शेंड्याकडे ओल्या ब्रशने मऊ करतो. पानांच्या बारीक फटींतून पडणारे उन्हाचे कवडसे मात्र गोल किंवा लांबट गोल सोडायचे. ती सूर्याचीच बिंबं असतात, फटीच्या आकाराची नसतात. मी कित्येक वर्षं तिथे पानं काढत होतो!

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे बसल्याबसल्या आधी सावलीची कड पेन्सिलीने आखून घेतो. नंतर ती कितीही सरको, बघायचं नाही.

आता तक्रारी. रंगाला ताकद कमी. मोठ्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराला, ट्यूब भराभर संपते. पॅलेटवर वाळला की खड्यासारखा होतो आणि कितीही भिजवा, ब्रशला धड लागत नाही. मी दर वेळी वाटाण्याएवढा ताजा काढतो. शिवाय हा कागदात मुरत नाही. चुकलं तर ओल्या ब्रशने सहज उचलता येतो, हे झकास. पण त्याच गुणामुळे वरून सावलीचा हात दोनदा फिरला की खालचं गवत सुटतं आणि चिखल होतो. असे तीन कागद फाडले आहेत. कागदावर रंगाचे दाणे पडतात ते लांबच्या टेकड्यांवर शोभतात, जवळच्या पानावर नाही.

दुसरी ट्यूब घाईत घेतली. नावापुढचा ‘ह्यू’, म्हणजे दुसऱ्या रंगद्रव्याने केलेली नक्कल, वाचलाच नाही. आत होता थॅलो ग्रीन, पीजी ७. ब्रशच्या टोकाएवढा घेतला तर अख्खं मिश्रण हिरवंगार, आणि कागदावर बसलेला डाग पुसता पुसेना. त्यानंतर ट्यूब उलटी करून रंगद्रव्याचा क्रमांक वाचल्याशिवाय घेत नाही.

सॅप ग्रीन अजून ड्रॉवरमध्ये आहे. आभाळ भरून आलेलं असतं, सावल्याच पडत नाहीत, अशा दिवशी तो काढतो.