सेलफिशसाठी सर्कल हुक : हिसका देणार नसाल तरच घ्या

सेलफिश (लांब चोचीचा मोठा समुद्री मासा) पकडून जिवंत सोडायचा असेल आणि आमिष खऱ्या माशाचं असेल, तर जे-हुक (इंग्रजी J सारखा नेहमीचा गळ) बाजूला ठेवा आणि सर्कल हुक (गोलसर वळलेला गळ) घ्या. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या बिलफिश (सेलफिशसारखे चोचवाले मासे) पकडण्याच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषाला सर्कल हुकच लावण्याची सक्ती २००८पासून आहे, आणि ती योग्यच आहे.

या गळाचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. आमिष तोंडात घेऊन मासा वळला की दोर ताणतो. मग गळ घशात न रुतता सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. जे-हुक मात्र अनेकदा घशात किंवा पोटात रुततो. असा रक्ताळलेला मासा सोडला तरी जगेल याची खात्री नसते.

घेताना गळ सपाट काचेवर ठेवून बघा. टोक एका बाजूला उचललेलं दिसलं तर तो नको, कारण तसा गळ आतच अडकतो. आकार साधारण ५/० ते ७/०. पण प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा बसतो, म्हणून नंबरापेक्षा टोक आणि दांडा यांमधली फट बघा. गळाची तार बारीक चांगली: हलक्या ताणावरही रुतते आणि जिवंत आमिष मोकळं पोहतं. स्टेनलेस टाळा. दोर तोडून मासा सोडावा लागला तर साधा गळ गंजून तरी जातो.

खरी चूक होते ती आमिष लावताना. गळ आमिषाच्या अंगात खुपसला की फट भरते, मग तो रुतणार कुठे? आमिषाच्या नाकपुड्यांतून किंवा डोळ्यांच्या पुढून मेणदोऱ्याचा छोटा फास ओवा, त्यात गळ अडकवून दोन-तीन पीळ द्या. गळ डोक्यावर उभा राहिला पाहिजे, टोक पूर्ण उघडं. लीडर, म्हणजे गळाजवळचा दोराचा मजबूत तुकडा, ६० ते ८० पौंडी. सेलफिशची चोच कानशीसारखी खरखरीत असते. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवा, खरखर लागली की बदला.

सेलफिश आधी चोचीने फटकारतो, मग आमिष उचलतो. उचललं की रीळ मोकळं सोडा, दोर गुंतू नये इतकाच अंगठा टेकवा आणि तीन ते पाच आकडे मोजा. मग रॉड माशाच्या दिशेला धरून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) हळूहळू चढवा आणि नुसतं गुंडाळत राहा. इथे हिसका दिलात तर गळ कोपऱ्यात बसायच्या आधीच तोंडातून निसटतो. जे-हुकची सवय असलेल्यांचे मासे सुटतात ते बहुतेक इथेच. फार वेळ मोजलं तर मात्र सर्कल हुकसुद्धा खोल जातो.

झालरवाल्या कृत्रिम आमिषाला हा गळ आम्ही सुचवणार नाही. प्लास्टिकची चव लागताच मासा ते थुंकतो, वळून जायला थांबत नाही.

काढताना गळ आला त्याच वळणाने मागे फिरवा, ओढू नका. मासा बोटीवर घेऊ नका. हातमोजा घालून चोच धरा, डोकं पाण्यातच ठेवा आणि बोट सावकाश पुढे चालू द्या, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहतं. अंगावरचे पट्टे पुन्हा उजळले, शेपटीने जोर धरला, की हात सोडा.