सुट्टीत गावच्या घरी हाताने भेटवस्तू करायच्यात, तर दोन सुया घ्याव्या का क्रोशे?

आधी मला एक सांगा, सुट्टीचे दिवस किती आहेत आणि घरात माणसं किती असणार आहेत? कारण विणकाम शिकू का क्रोशे असं विचारलं की सगळे सोपं काय आणि पटकन काय येतं ह्यावरच बोलतात, गावच्या घरात सुट्टीचा दिवस कसा जातो ते कोणी बघतच नाही. तिथे सलग तासभर बसायला मिळत नाही हो. गोठ्यात एक चक्कर मारायचीय, दारात कोणीतरी आलंय, सरपण आत घ्यायचंय, ऊन उतरायच्या आत दोरीवरचे कपडे काढायचेत, आणि मधेच कोणाचं तरी पोर येऊन मांडीत बसतं. दहा मिनिटं हातात काम, मग उठा, मग परत दहा मिनिटं. मी दोन्ही बरीच वर्षं करतेय आणि माझ्या मते खरा प्रश्न हा आहे की हातातलं काम अर्धवट खाली ठेवलं तर त्याचं काय होतं.

क्रोशात, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईच्या कामात, कुठल्याही क्षणी एकच टाका उघडा असतो. बाकी सगळे मागे बंद झालेले असतात. उठायचंय? तो एक फास जरा ओढून मोठा करा किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवा आणि खुशाल जा. कोणी सुई ओढली तरी चार-पाच टाके उसवतील, संपला विषय. दोन सुयांच्या विणकामात मात्र अख्खी ओळच्या ओळ सुईवर उघडी असते, मफलर असेल तर चाळीस-पन्नास टाके, टोपी असेल तर शंभराच्या आसपास, आणि सुई निसटली की ते सगळे एकदम मोकळे होतात. माझा असा एक मफलर गेलेला. मी ओळीच्या मधेच उठले, काम पलंगावर ठेवलं, भाच्याने उचलून बघितलं आणि एक सुई सरळ बाहेर. त्याची काही चूक नव्हती, लहान होता, पण त्या रात्री दिव्याखाली टाके परत सुईवर घेताना मला फार वाईट वाटलं, कारण दोनच दिवसांनी तो मफलर द्यायचा होता. तेव्हापासून ओळ पूर्ण झाल्याशिवाय मी उठत नाही आणि सुयांच्या टोकांना रबरी बुचं लावते. त्याहून चांगला उपाय म्हणजे गोल सुई घ्या, ती मधे लवचिक वायर असलेली. टाके वायरवर सरकवून ठेवले की सहसा पडत नाहीत, आणि सपाट कापडसुद्धा तिच्यावर विणता येतं, फक्त गोलच विणायचं असं काही नाही.

चुकलं तर दुरुस्ती कशी होते तेही बघा. क्रोशात चूक दिसली की ओढून तिथपर्यंत उसवायचं आणि फासात सुई घालून पुढे चालू. विणकामात एखादा टाका गळला तर खाली शिडीसारखी रेघ उतरत जाते, नवीन माणूस घाबरतो आणि सगळंच उसवून टाकतो. तसं करू नका. क्रोशाची सुई घ्या, खालचा टाका पकडा आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर आणा, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणजे विणकामच शिकायचं ठरवलंत तरी एक क्रोशाची सुई घरात लागतेच.

एवढं वाचून वाटेल की मग क्रोशेच घ्यावं. थांबा जरा. कापडाचा स्वभाव वेगळा आहे. सुलट-उलट टाक्यांनी विणलेलं कापड ताणतं आणि परत जागेवर येतं, अंगावर बसतं, हलकं असतं. मोजे, टोपी, हातमोजे, स्वेटर ह्यांना हेच हवं. एक सुलट एक उलट अशी पट्टी विणली की टोपीची कड डोक्याला धरून बसते, क्रोशात हे जमवता येतं पण तितकं जमत नाही, असं मी स्पष्ट सांगेन. क्रोशाचं कापड जाड होतं, आकार धरून उभं राहतं, म्हणून टोपल्या, खेळणी, पायपुसणं, उशीचे अभ्रे, पांघरूण, खिडकीत टांगायच्या चांदण्या ह्यात त्याला तोड नाही. आजोबांना पायमोजे द्यायचे ठरवलेत आणि क्रोशे शिकलात तर मोजे होतील, पण बुटात ते टाक्यांचे उंचवटे पायाला टोचतात. उलट नातीसाठी ससा करायचाय आणि सुया घेऊन बसलात तर होईल तोही, फक्त कान, पाय, डोकं, सगळ्याचं गणित नवशिक्याला जड जातं. क्रोशात तेच एका फासापासून गोल गोल वाढवत जायचं, सहा टाके, मग बारा, मग अठरा, बस.

एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतेच. विणण्याचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली ह्यांनी १५८९ साली तयार केलं, म्हणजे दुकानातला स्वेटर, मोजा यंत्रावर होऊन येतोय त्याला चारशे वर्षांची परंपरा आहे. क्रोशे त्या मानाने पुष्कळ नवीन, आज आपण करतो त्या रूपात ते १९व्या शतकात पसरलं, आणि आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात कित्येक घरांना क्रोशाच्या लेसने आधार दिला. आणि गंमत अशी की खरं क्रोशे अजूनही हातानेच होतं, बाजारात क्रोशासारखं दिसणारं यंत्राचं कापड असतं पण त्याची वीण वेगळी असते. त्यामुळे क्रोशाची वस्तू कोणाला दिली की कोणाचे तरी हात त्यावर फिरलेत हे नक्की असतं. मला भेट देताना ह्याचं मोल वाटतं.

आता लोकर. क्रोशे लोकर जास्त खातं. मी एकाच लोकरीचे सारख्या मापाचे दोन चौकोन करून वजन केलं होतं तर क्रोशाचा साधारण सव्वापटीहून जड भरला, सिंगल क्रोशे नावाच्या आखूड टाक्यात गच्च विणलं तर अजून जास्त. टोपीला ह्याने काही फरक पडत नाही, मध्यम जाडीची १०० ग्रॅम लोकर मोठ्या माणसाच्या टोपीला पुरते. मफलरला २०० ग्रॅम धरा. पण पांघरूण करायला घेतलंत तर सव्वा-दीड किलोपर्यंत सहज जातं, आणि पहिल्याच सुट्टीत पांघरूण नको हो, ते पुढच्या वर्षासाठी ठेवा. आणि गावाला जायच्या आधी सगळी लोकर एकदम घ्या, लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा नंबर, सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना बघून. रंग एकच, रंगाचा नंबरही एकच, पण लॉट वेगळा असेल तर कापडावर पट्टा उमटतो. गावात राहून एक गुंडी कमी पडली की मग दुसरं काही हाती लागत नाही, म्हणून एक जास्तच ठेवा.

कुठली लोकर ह्यावर थोडक्यात. अस्सल लोकर ऊबदार, उसवून परत विणायला चांगली, पण गरम पाण्यात चोळली की आकसून नमदा होतो, आणि ज्याला देणार त्याच्याकडे मशीनमध्ये धुतात का हे आधी विचारा. शिवाय गावच्या लाकडी कपाटात तिला कसर लागते, म्हणून धुऊन वाळवूनच बंद पिशवीत ठेवा. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपं, शिकायला उत्तम, पण त्याच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, कापड लोळागोळा होतं आणि परत पूर्वीसारखं होत नाही. आणि गरम भांडी धरायचे रुमाल अ‍ॅक्रिलिकचे कधीच करू नका, ते वितळतं, त्याला सुतीच दोरा हवा. सुती दोरा क्रोशात छान वागतो. दोन सुयांवर नवशिक्याला तो त्रास देतो कारण त्याला लवचिकपणा नाही.

माप. इथे विणकाम जास्त कडक आहे. नमुन्यात, म्हणजे विणायच्या लिहिलेल्या कृतीत, १० सेंटीमीटरला २२ टाके लिहिलेत आणि तुमचे २० येतायत तर वाटतं दोनच टाक्यांचा फरक, पण ११० टाक्यांची टोपी ५० ऐवजी ५५ सेंटीमीटर होते आणि डोळ्यांवर येते. म्हणून आधी हातभर नाही तरी १५ सेंटीमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळू द्या, मग मोजा. कंटाळवाणं आहे पण टाळू नका. क्रोशात टोपी किंवा अंगात घालायचं काही करत असाल तर हेच करायचं, पण खेळणं, टोपली, चांदणी ह्यांचं माप अर्धा सेंटीमीटर इकडे तिकडे झालं तर कोणाचं काही बिघडत नाही. खेळण्यात फक्त टाके घट्ट हवेत, लेबलवर सांगितलेल्यापेक्षा एक नंबर बारीक सुई घ्या नाहीतर आतला कापूस डोकावतो. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे, मणी, बटणं काही लावू नका, डोळे दोऱ्याने भरा.

क्रोशाची एक अडचण मात्र कोणी सांगत नाही आणि माणूस आठवडाभर हैराण होतो. इंटरनेटवरचे नमुने काही अमेरिकन असतात काही ब्रिटिश, आणि नावं तीच पण अर्थ वेगळे. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल, म्हणजे आपला नेहमीचा खांब, तो ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल. ओळखायची खूण सोपी आहे, नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द आला की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. विणकामात असला घोळ जवळजवळ नाही, सुलट तो सुलट आणि उलट तो उलट.

संध्याकाळचा उजेड हाही विचारात घ्या. गावच्या घरात दिवा बहुतेक वेळा खोलीच्या मधोमध आणि आपण कोपऱ्यात. क्रोशात प्रत्येक टाक्याला सुई कुठे घालायची ते बघावं लागतं, काळी किंवा गडद निळी लोकर असेल तर रात्री काही दिसत नाही, डोळे दुखतात. विणकामात हात बसला की साधी सुलट ओळ न बघता होते, बोटांना टाके कळतात, गप्पा मारत, लाईट गेली तरी काम चालू राहतं. म्हणून सगळे रात्री एकत्र बसतात त्या वेळेसाठी मला सुयाच आवडतात आणि दिवसाच्या तुटक वेळेला क्रोशे. पहिल्यांदा शिकताना काहीही असो, फिकट रंगाची, मध्यम जाडीची, गुळगुळीत लोकर घ्या, केसाळ नको. सुया बांबूच्या घ्या, टाके घसरत नाहीत. क्रोशाची सुई ५ मिलिमीटरची चांगली.

हाताचं म्हणाल तर क्रोशात सगळं मनगट एकाच हाताचं वळतं, विणकामात काम दोन्ही हातांत वाटलं जातं. अंगठ्याचा किंवा मनगटाचा त्रास आधीच असेल तर हे महत्त्वाचं आहे. दोन्हीत अर्ध्या तासाने हात मोकळे करा.

मुलांना सोबत घ्यायचं असेल तर बिनधास्त क्रोशे. सहा-सात वर्षांच्या मुलाला सुईसुद्धा लागत नाही, बोटांनी साखळी करता येते, आणि ती पोरं एका दुपारी दाराच्या चौकटीभर साखळी करतात, तीच तोरणासारखी लावायची. मोठ्या टोकदार सुया रांगत्या बाळाच्या घरात मला नको वाटतात. आणि घरात मांजर असेल तर दोन्ही कामं डब्यात झाकून ठेवा, लोकरीचा धागा मांजराने गिळला तर आतड्यात अडकून जिवावर बेततं, हे खेळ म्हणून सोडून देऊ नका.

तर माझा सल्ला असा. दिवस दहा-बाराच आहेत, हातात कधीच काही धरलेलं नाही, घर माणसांनी भरलेलं असणारे, तर क्रोशे घ्या आणि छोट्या वस्तू करा, सहा चांदण्या, दोन टोपल्या, एखादं खेळणं. पहिले दोन दिवस हात वाकडा चालेल, कडा आत-बाहेर होतील, ते ओळीच्या टोकाचे टाके न मोजल्यामुळे होतं, प्रत्येक ओळीला मोजा. महिना-दीड महिना हातात असेल, घरी शिकवणारी आत्या किंवा आजी असेल, आणि एकाच माणसासाठी त्याच्या अंगावर राहील असं काही द्यायचं मनात असेल, तर सुया घ्या आणि मफलरने सुरुवात करा, सगळे टाके सुलट, ४० टाके, दुसरं काही नाही. नवशिक्याला त्याला दोन आठवडे तरी लागतात. दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका, धागा धरायची पद्धत हातात बसत नाही आणि दोन्हीही अर्धवट राहतं. कोण समोर बसून शिकवणारे ह्यावरही ठरवा, कारण मावशीला क्रोशे येतं आणि तुम्ही मोबाईलवर बघून सुया शिकताय ह्याला अर्थ नाही.

आणि दिवस मोजताना शेवटचे तीन दिवस विणायला धरू नका. सुटी टोकं सुईने आत ओवायला एक संध्याकाळ जाते, मग वस्तू कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, आणि आकारात ओढून सपाट वाळत घालायची, दोरीवर टांगली तर खाली लोंबते. चांदण्यांना खळ लावून पिनांनी ताणून ठेवायचं, साखरेचं पाणी लावलंत तर मुंग्या येतात म्हणून खळच बरी. थंडी असेल तर जाड मफलर वाळायला पूर्ण दोन दिवस घेतो, म्हणून द्यायच्या दिवसातून हे तीन दिवस वजा करा आणि उरतील तेवढ्यात जे पूर्ण होईल तेच सुरू करा.