आरोग्य केंद्रातली पिशवीच्या तोंडाची तपासणी : कुठे चांगली, कुठे कच्ची

चोपडा-यावलच्या केळीपट्ट्यापासून अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरापर्यंत, सरकारी आरोग्य केंद्रांत आणि शिबिरांत बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरची तपासणी मोफत असते. सिस्टर तिला ‘व्हीआयए’ म्हणतात, म्हणजे सौम्य अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या बाईने दर ५ वर्षांनी ती करून घ्यायची, त्रास नसला तरी. नीट केली तर ही सेवा अतिशय मोलाची आहे. घाईत उरकली तर मात्र बाई खोटा दिलासा घेऊन घरी जाते.

नीट म्हणजे कशी? स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) बसवल्यावर पिशवीचं तोंड पूर्ण दिसलं पाहिजे. बोळ्याने स्राव टिपायचा, ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं आणि घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट थांबायचं. पेशींत बदल सुरू झाले असतील तर आतल्या आणि बाहेरच्या अस्तराच्या सीमेला लागून स्पष्ट कडांचा दाट पांढरा चट्टा उमटतो. शिबिरात रांग वाढली की पहिला बळी या मिनिटाचा जातो, आणि चट्टा उमटायच्या आतच कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं.

दुसरी गफलत द्रावणात होते. ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये नीट मिसळायचं आणि ते रोज ताजं करायचं. जुनं, हलकं पडलेलं द्रावण चट्टा दाखवत नाही. न मिसळलेलं अ‍ॅसिड आतली कातडी भाजतं. तिसरी अडचण उजेडाची. मिणमिणत्या पिवळ्या दिव्याखाली पांढरं-गुलाबी वेगळं कळत नाही. द्रावण आजचं आहे का, उजेड पुरेसा आहे का, हे सिस्टरला विचारायला बायकांनी मुळीच लाजू नये.

एवढ्या साध्या तपासणीवर विश्वास ठेवायला भक्कम आधार आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. किमान दहावी शिकलेल्या, ४ आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. प्रशिक्षण चोख असेल तर गावपातळीवरही हे काम उत्तम होतं.

जाताना पाळी चालू नसावी. आदले दोन दिवस संबंध आणि आत धुणं टाळावं. पाळी कायमची गेलेल्या बाईत दोन अस्तरांची ती सीमा आत सरकते, म्हणून तिथे व्हीआयए कमी भरवशाची. अशा वेळी एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणी मिळाली तर ती घ्यावी.

‘पॉझिटिव्ह’ शब्दाने घरात रडारड होते, पण त्याचा अर्थ पांढरा चट्टा दिसला एवढाच, कॅन्सर झाला असा नाही. साध्या सुजेनेही पांढरं दिसतं. पुढे कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून पिशवीचं तोंड पाहणं), गरज पडली तर तुकडा तपासणं. बदल कॅन्सरपूर्व असेल, चट्टा पूर्ण दिसत असेल आणि आतल्या नळीत शिरलेला नसेल, तर तापवलेल्या प्रोबने (सळईसारख्या उपकरणाने) तो मिनिटाभरात जाळता येतो. पिशवी काढावी लागत नाही. सेवेची सगळ्यात कच्ची बाजू इथेच आहे: चिठ्ठी देतात, पण धुळ्याला किंवा जळगावला मोठ्या दवाखान्यात कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगत नाहीत. आशाताई सोबत गेल्या तर बाई पोचते, नाहीतर चिठ्ठी कपाटातच राहते.

या तपासणीत पिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठी किंवा अंडाशयातल्या पाण्याच्या गाठी दिसत नाहीत. त्यांना सोनोग्राफी लागते. फायब्रॉइड क्वचितच कॅन्सरचे निघतात. पाळी चालू असलेल्या बाईतली ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, साधी पाण्याची गाठ बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. अंगावरून पांढरं जातंय, ‘पिशवीला सूज आहे’ एवढ्यावर कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सही करू नये. संबंधानंतर रक्त येत असेल किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर डाग दिसला, तर शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं.

शिबिरांच्या वेळेचंही बघायला हवं. दिवाळीच्या सुमारास चाळीसगाव-नंदुरबारकडच्या ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात आणि गावात उरलेल्या बायका कापूस वेचणीत असतात. त्यांच्यासाठी टोळ्या निघायच्या आधी, पावसाळ्यातच तारीख ठेवावी आणि वाहनाची सोय करावी.