पाच वर्षांची क्लॉडिया पडद्यावर येताना

फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेली ॲन राइस यांची १९७६ची कादंबरी ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ दादर-चर्चगेट लोकलमध्ये वाचून संपवल्यावरच मी नील जॉर्डन दिग्दर्शित १९९४चा चित्रपट घरी पाहिला. पटकथेचे श्रेय राइस यांनाच असले, तरी मूळ कथेतले बदल त्यामुळे अधिक ठळक जाणवले.

कादंबरीत, पुढे व्हँपायर म्हणजे रक्त पिऊन जगणारा अमर जीव होणाऱ्या कथानायक लुईला जगणे नकोसे होते ते भावाच्या मृत्यूमुळे, आणि त्या मृत्यूला आपणच कारण झालो ही बोचणी पुढे पानापानांत झिरपत राहते. चित्रपटाने तिथे पत्नी आणि मूल गमावल्याचे दुःख ठेवले, जे प्रेक्षकाला चटकन कळते खरे, पण त्यात अपराधाची धार उरत नाही. लहानपणीच व्हँपायर झालेल्या क्लॉडियाच्या बाबतीत मात्र बदल पथ्यावर पडला. पुस्तकात ती पाच वर्षांची आहे, पडद्यावर बरीच मोठी. क्लॉडिया झालेली कर्स्टन डन्स्ट रागाने आपले कुरळे केस कापते, ते पाहता पाहता पूर्ववत वाढतात आणि ती किंचाळते. कधीच मोठे न होण्याची शिक्षा काय असते, हे त्या एका प्रसंगात अंगावर येते.

लुईला व्हँपायर करणाऱ्या लेस्टाटच्या भूमिकेसाठी झालेल्या टॉम क्रूझच्या निवडीवर राइस यांनी आधी जाहीर नाराजी व्यक्त केली होती आणि चित्रपट पाहिल्यावर तितक्याच जाहीरपणे त्याचे कौतुक केले. मलाही तोच भावला. ब्रॅड पिटचा लुई फारच एकसुरी वाटतो.

डीव्हीडी मात्र पॅरिसच्या नाट्यगृहाच्या प्रसंगात दोनदा अडकली, आणि दुकानदाराने ती बदलून दिली नाही.