बोरोनिया घ्यायचा तर कोणता: लिंबूगंधी की तपकिरी?

ऑस्ट्रेलियात होबार्ट-मेलबर्नकडे अंगण असेल तर नर्सरीत हे दोन बोरोनिया (तिथली फुलझुडपं) समोर येतात. दोघेही लिंबू, बेल आणि कढीपत्त्याच्याच कुळातले, दोघांचीही उंची साधारण एक ते दीड मीटर. स्वभाव मात्र वेगळे.

लिंबूगंधी बोरोनिया (बोरोनिया सिट्रिओडोरा) हा अस्सल टास्मानिया बेटाचा, तिथल्या डोंगरमाथ्यांवरचा. त्याचा वास फुलात नाही, पानात आहे. पान चुरडलं की लिंबाचा वास येतो, म्हणून तो पायवाटेच्या कडेला, हात लागेल असा लावावा. फुलं चार पाकळ्यांची, फिकट गुलाबी ते पांढरी. बर्फ आणि गोठलेलं दव तो सोसतो. उकाडा मात्र त्याला मानवत नाही.

तपकिरी बोरोनिया (बोरोनिया मेगास्टिग्मा) मूळचा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाचा, पण अत्तराच्या अर्कासाठी त्याची शेती टास्मानियात होते. हिवाळा सरता सरता छोट्या वाट्यांसारखी फुलं खाली लोंबतात, बाहेरून तपकिरी, आतून पिवळी. एका झाडाचा घमघमाट दारापर्यंत पोचतो. हा वास मुख्यतः बीटा-आयोनोन या सुगंधी द्रव्याचा, आणि काही जणांच्या नाकाला तो जाणवतच नाही. म्हणून ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथला हिवाळा सरताना, फुललेली कुंडी घरातल्या सगळ्यांनी हुंगून मगच विकत घ्या.

तपकिरी मरतोही लवकर, बागेत बहुधा काही वर्षांतच. मुळं कायम गार आणि ओलसर हवीत, पण पाणी साचलेलं चालत नाही. साचलं की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो. माती ओली असूनही शेंडे माना टाकतात. ते पाहून तहानलंय असं वाटतं, आणखी पाणी घातलं जातं आणि झाड हातचं जातं. लिंबूगंधीलाही हा धोका आहेच.

दोघांसाठीही किंचित आम्ल, भुसभुशीत माती घ्या. चिकणमाती असेल तर तीस सेंटिमीटर उंच वाफा करा. सकाळचं ऊन, दुपारची सावली. वर पाच सेंटिमीटर सालींचं आच्छादन, खोडापासून थोडं दूर. लावताना मुळं मोकळी करू नका, नंतर बुंध्याशी खणू नका. बहर सरताच एक तृतीयांश छाटा, पण पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत जाऊ नका, तिथून फुटवे येत नाहीत.

उंचावरच्या, दव गोठणाऱ्या बागेत लिंबूगंधीच लावा. सुगंधासाठीच घेणार असाल तर तपकिरी, तोही कुंडीत, म्हणजे निचरा आपल्या हातात राहतो. पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्ही टिकणं अवघड; तिथे याच कुळातली कुंती लावा.