ट्रिस्टन क्विल्ट, व्ही अँड ए म्युझियम, लंडन: टाका कळणाऱ्यांनी आवर्जून पाहावी अशी रजई

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असलेली ‘ट्रिस्टन क्विल्ट’ ही आज शिल्लक असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या रजयांपैकी एक. ती सिसिलीत 1360 ते 1400 च्या सुमारास हातांनी शिवली गेली. लांबी तीन मीटरच्या आसपास, रुंदी थोडी कमी. चालता चालता नजर टाकली तर पिवळट पडलेलं एक मोठं कापड दिसेल आणि माणूस पुढे जाईल. हिच्यासाठी अर्धा तास बाजूला काढलात तरच तिचं खरं काम दिसतं.

उजेड कमी असतो याबद्दल नाराज होऊ नका. जुन्या कापडासाठी संग्रहालयं साधारण 50 लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) मर्यादा पाळतात. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून काढता येत नाही. एक तास 500 लक्स आणि दहा तास 50 लक्स यांचा हिशेब जवळपास सारखाच येतो. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर लांबून एकूण मांडणी पाहून घ्यावी. मग समोरून न पाहता बाजूला सरकावं. या रजईत चित्र रंगांनी काढलेलं नाही, ते उठावाने उभं केलंय, म्हणजे ते वाचायचं सावलीतून. समोरून सपाट वाटणारा घोडा कडेने पाहिला की त्याची मान आणि पुठ्ठा फुगलेला दिसतो.

कथा मध्ययुगीन दंतकथेतला वीर ट्रिस्टन याची आहे, पण त्याच्या प्रेमाच्या भागाची नाही. आयर्लंडचा राजा लँग्विस कॉर्नवॉलकडे सात वर्षांची थकलेली खंडणी मागतो, त्याचा योद्धा मोरोल्ड चालून येतो आणि कॉर्नवॉलचा राजा मार्क याच्या बाजूने ट्रिस्टन त्याच्याशी लढतो. एकूण 14 प्रसंग आहेत आणि प्रत्येकावर सिसिलियन बोलीतला मजकूर शिवलेला आहे. ट्रिस्टन मोरोल्डला आव्हानाचा हातमोजा देतो, बेटावर पोचल्यावर आपली नाव मागे समुद्रात ढकलून देतो, मोरोल्डच्या डोक्यावर घाव घालतो, आणि शेवटी मोरोल्ड दगा करून त्याला जखमी करतो. नाव ढकलण्याचा प्रसंग चुकवू नका. परतीची वाट स्वतःच बंद करणारा माणूस केवळ टाक्यांनी इतका स्पष्ट दाखवणं सोपं नाही.

आता कामाकडे. लिननचे दोन थर, आत कापूस आणि लिननचाच दोरा. आकृत्यांच्या कडा तपकिरी दोऱ्याने उलट्या टीपेत (प्रत्येक टाका थोडा मागे येऊन घालायचा) शिवल्या आहेत. ही निवड अगदी विचारपूर्वक आहे. धावदोऱ्यात टाक्याटाक्यांमध्ये जागा सुटते, त्यामुळे रेघ तुटक दिसते आणि आतून कापसाचा दाब आला की टाके ओढले जातात. उलट्या टीपेत रेघ सलग राहते आणि दाबही सोसते. गोधडीत धावदोरा सगळे थर सारख्या ताकदीने बांधतो, कारण तिथे सगळीकडे सारखी जाडी हवी असते. इथे हवा आहे तो फरक: आकृती फुगलेली, भोवतालचं कापड दबलेलं. म्हणून आकृत्यांच्या मधल्या जागेत टाके दाट आहेत.

या जातीचं भरावकाम करून पाहणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. आधी दोन थर एकत्र धरून कड शिवायची. मग मागच्या, शक्यतो विरळ विणीच्या कापडाचे धागे बोथट टोकाने बाजूला सारून कापूस अगदी लहान लहान तुकड्यांनी आत ढकलायचा. आधी कोपरे आणि टोकं, मध्य शेवटी. भरून झालं की धागे पुन्हा जागेवर सरकवायचे. कापडाला चीर देऊन भरणं लवकर होतं, पण पुढे तीच जागा उसवते. दोऱ्यासारख्या बारीक रेघांसाठी दोन समांतर टीपांमधून सुती दोर ओवतात. वळणावर सुई मागून बाहेर काढून त्याच भोकातून परत घालायची आणि दोराचा लहानसा सैल फास मागे ठेवायचा, नाहीतर वळण आखडतं. दोर आधी धुवून घेतलेला नसेल तर पहिल्या धुण्यातच तो आटतो आणि सगळं काम चुरगळतं. सर्वांत जास्त बिघडतं ते कापूस ठासून भरल्याने. आकृती टणक होते आणि तिच्याभोवती सुरकुत्या पडतात. भरल्यावर कापड आक्रसतं, म्हणून चारही बाजूंनी जादा कापड धरूनच सुरुवात करावी.

सहा शतकांनंतरही ती इतकी चांगली का राहिली, याचं मोठं श्रेय साहित्याला द्यावं लागेल. लिनन आणि कापूस दोन्ही वनस्पतिजन्य, त्यामुळे लोकर आणि रेशीम खाणारी कसर स्वच्छ कापडाच्या वाटेला सहसा जात नाही. रेशीम प्रकाशाने लवकर ठिसूळ होतं, ते इथे नाही. जरीचा धातू काळा पडतो, तोही नाही. अशा वस्तूला घड्या मात्र सोसत नाहीत. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी राहिली की तिथेच धागे तुटतात, आणि भरीव काम घट्ट गुंडाळलं तर उठाव दबतो. घरात जुनी भरावाची रजई असेल तर ती शक्यतो पसरून ठेवावी. घडी घालावीच लागली तर घडीत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घालाव्यात आणि घडीची जागा अधूनमधून बदलावी.

एकच गोष्ट राहून जाते: मागची बाजू पाहायला मिळत नाही. अभ्यासकाला तिथेच सर्वाधिक शिकता आलं असतं. ती उणीव संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीतल्या छायाचित्रांनी थोडी भरून निघते, तिथे 1391-1904 हा क्रमांक टाकून शोधावं. टाके मोठे करून पाहायचे असतील तर हे घरूनच आधी करून जाणं उत्तम, म्हणजे कुठे उभं राहायचं ते ठरवता येतं. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. शुक्रवारी ते रात्री उशिरापर्यंत उघडं असतं आणि तेव्हा गर्दी कमी सापडण्याची शक्यता जास्त. कापडाच्या वस्तू विश्रांतीसाठी प्रदर्शनातून काढतात, म्हणून निघण्यापूर्वी ती मांडलेली आहे का ते तपासून घ्यावं. याच कथेचा दुसरा शिवलेला भाग फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहात आहे. इटलीचा प्रवास ठरत असेल तर दोन्ही पाहावेत, आणि लंडनचा आधी.